डबीवर नाव नसलेलं सॉफ्टवेअर

आषाढीचा सोहळा आटोपून पंढरपूरहून परतणारे वारकरी आषाढ वद्य एकादशीला हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेव येथे येतात. संत नामदेवांच्या या जन्मगावी कयाधू नदीच्या काठी तेव्हा मोठी यात्रा भरते. या एकादशीला इकडे परतवारी म्हणतात. तुळशीच्या माळा, प्रसादाचे पेढे आणि खेळण्यांच्या दुकानांत आता ब्लूटूथ स्पीकरांचीही भर पडली आहे. गिऱ्हाईक स्पीकर हातात घेतं, दुकानदार मोबाइलवर यादी उघडतो. यादीत एकाच नावाची चार-पाच उपकरणं दिसतात, तो त्यातलं एक दाबतो आणि अभंग सुरू होतो. शेजारच्या दुकानातही तेच चाललेलं असतं. खिशाखिशात मोबाइल, कानाकानात इअरबड. तरीही एकाचा अभंग दुसऱ्याच्या स्पीकरवर जात नाही.

ही किमया चिपची जेवढी, तेवढीच तिच्यात भरलेल्या सॉफ्टवेअरची. स्पीकरच्या डबीवर ज्या कंपनीचं नाव छापलेलं असतं, तिने ते सॉफ्टवेअर बहुधा लिहिलेलं नसतं. ते लिहिणाऱ्यांचा एक वेगळाच व्यवसाय आहे. त्यात भारताचा वाटा मोठा आहे आणि पुण्याचाही आहे.

ब्लूटूथची सुरुवात १९९४ साली स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत झाली. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा यांनी एकत्र येऊन त्यासाठी एक संघटना स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी पहिली नियमावली जाहीर झाली. उपकरण कोणाचंही असो, ते दुसऱ्याच्या उपकरणाशी बोललं पाहिजे, हा त्यामागचा हेतू. त्यासाठी लिहिलेली नियमावली आज हजारो पानांची आहे.

आधी हवेतला भाग पाहू. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. वायफायही त्याच पट्ट्यात असतं आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही तिथेच गोंधळ घालतो. भारतात कमी शक्तीच्या उपकरणांना या पट्ट्यासाठी परवाना लागत नाही, अशी अधिसूचना जानेवारी २००५ मध्ये निघाली. मोकळं रान म्हटलं की गर्दी आलीच. म्हणून संगीतासाठी वापरलं जाणारं जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ या पट्ट्याचे ७९ भाग करतं आणि एका सेकंदात १,६०० वेळा एका भागातून दुसऱ्या भागात उडी मारतं. कोणत्या क्षणी कुठे जायचं, हे मोबाइलच्या घड्याळावरून ठरतं. पखवाजाच्या ठेक्यावर टाळकऱ्यांनी हात चालवावा, तसा स्पीकर त्या घड्याळाबरोबर चालतो. शेजारच्या जोडीचा ठेका निराळा असल्यामुळे दोघांची गाठ पडते ती क्षणभरच. एखाद्या भागात वायफायची वर्दळ दिसली, तर तो भाग टाळायची सोय २००३ पासून आली.

उड्यांचा हा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर चिपच्या अगदी तळाशी असतं. त्याला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात विचार करावा लागतो. त्याच्या वर दुसरा थर असतो. जोडणी कोणाशी करायची, गुपितं कशी जपायची, संगीत पाठवायचं की बोलणं, हे तो ठरवतो. या थरांच्या उतरंडीला या धंद्यातली माणसं ‘स्टॅक’ म्हणतात.

स्टॅकचं काम ऐकू येतं ते गाणं चालू असताना फोन आला की. अनेक इअरबडमध्ये आवाज एकदम सपाट, डब्यातून आल्यासारखा होतो आणि इअरबड बिघडले असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात स्टॅकने कामाची पद्धत बदललेली असते. संगीत एकाच दिशेने जातं, त्यासाठी आवाजाचे सेकंदाला ४४ हजारांहून जास्त नमुने घेता येतात. बोलणं मात्र दोन्ही दिशांनी आणि विलंब न होता जावं लागतं, म्हणून त्यासाठी ठरलेल्या पद्धतीत नमुने ८ हजार किंवा १६ हजारांवर येतात. फोन ठेवला की पुन्हा पहिली पद्धत. हा बदल अडखळत झाला की लोक दोष देतात तो डबीवरच्या नावाला.

एवढं सगळं स्वतः लिहायचं तर लहान उद्योजकाची वर्षं जातील. शिवाय प्रत्येक उत्पादनाची ब्लूटूथ संघटनेकडे शुल्क भरून नोंद करावी लागते आणि भारतात विकायचं तर दूरसंचार विभागाची मान्यताही लागते. आधीच तपासून नोंदवलेला स्टॅक वापरला, तर यातलं बरंच ओझं हलकं होतं. म्हणूनच तयार स्टॅक विकणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. बंगळुरूच्या माइंडट्रीने ‘इथरमाइंड’ नावाचा स्टॅक तयार करून जगभरच्या चिप आणि उपकरण कंपन्यांना परवान्यावर दिला. तिथल्याच इम्पल्ससॉफ्टने बिनतारी हेडफोनचं सॉफ्टवेअर विकसित केलं. २००६ मध्ये ती अमेरिकेच्या सर्फ कंपनीने विकत घेतली.

पुढे बाजाराचं गणित फिरलं. चिप बनवणाऱ्या कंपन्याच म्हणू लागल्या, आमची चिप घ्या, सॉफ्टवेअर फुकट न्या. शांघायची एस्प्रेसिफ ही कंपनी त्यांतली ठळक. २००८ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचं पुण्यात विकास केंद्र आहे. तिने २०१६ मध्ये आणलेली ईएसपी३२ ही चिप वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही सांभाळते. तिच्या वरच्या थरासाठी दोन स्टॅक मिळतात. एक मुळात अँड्रॉइडसाठी लिहिलेला ब्लूड्रॉइड, दुसरा अपाची प्रकल्पातला, कमी जागेत मावणारा निम्बल. दोन्हींचा कोड कोणालाही उघडून वाचता येतो.

घरातला ‘स्मार्ट’ दिवा पहिल्यांदा लावताना या सॉफ्टवेअरचा उपयोग दिसतो. दिव्याला ना पडदा, ना कळफलक. मग घरच्या वायफायचा पासवर्ड त्याला कळणार कसा? दिवा ब्लूटूथवर आपण असल्याची हाळी देतो, मोबाइल त्याच्या अंगावरचा क्यूआर कोड वाचून ओळख पटवतो आणि पासवर्ड सांकेतिक रूपात त्याच्याकडे पोचवतो. पुढचा कारभार वायफायवर. एस्प्रेसिफने २०२० मध्ये आणलेल्या ‘रेनमेकर’ या व्यवस्थेत हे सगळं उद्योजकाला आयतं मिळतं.

आयतं घेण्यात जोखीमही आहे. स्टॅकमध्ये एक भोक राहिलं, तर तो वापरणाऱ्या सगळ्या उपकरणांत ते राहतं. २०२१ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी ‘ब्रॅकटूथ’ या नावाने १६ त्रुटी जाहीर केल्या. अनेक कंपन्यांच्या चिपना त्यांचा फटका बसत होता, ईएसपी३२ही त्यात होती. एस्प्रेसिफने दुरुस्ती दिली. पण दुरुस्ती निघणं वेगळं आणि ती घराघरातल्या उपकरणात पोचणं वेगळं. स्वस्त स्पीकरच्या सॉफ्टवेअरला विकल्यानंतर सहसा कोणी हात लावत नाही, ही या धंद्यातली खरी लंगडी बाजू. ग्राहकाने खरेदी करताना ‘याला अपडेट मिळतात का?’ एवढं तरी विचारलंच पाहिजे.

हिंगोली जिल्ह्यासाठी मात्र उघड्या कोडची गोष्ट मोलाची आहे. वसमत आणि हिंगोलीच्या बाजारात हळदीचे मोठे व्यवहार होतात आणि मालातल्या ओलाव्यावर भाव वर-खाली होतो. आपल्या हळदीत ओलावा किती, हे बाजारात जाण्याआधी शेतकऱ्याला स्वतः पाहता आलं तर तो सौद्याला जरा ताठ मानेने उभा राहील. ओलावा मोजणारा असा मापक बनवायला लागणारी ईएसपी३२ची पाटी (बोर्ड) साधारण चार-पाचशे रुपयांत मिळते. कमी विजेवर चालणाऱ्या नव्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये, न जोडताही, एका हाळीबरोबर ३१ बाइटपर्यंत माहिती पाठवता येते. ओलाव्याचा आकडा दोन बाइटांत मावतो. त्याला इंटरनेट लागत नाही, सिमकार्ड लागत नाही, शेतात मोबाइलची रेंज नसली तरी अडत नाही. अवघड काम आहे ते संवेदकाचा आकडा हळदीशी ताडून बघण्याचं, आणि त्यासाठी लागणारी हळद इथेच पिकते.

हिंगोलीला शासकीय तंत्रनिकेतन आहे, नांदेडला गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे आणि वसमतला हळद संशोधन केंद्र स्थापन झालं आहे. पुण्यातले अभियंते ज्या कोडवर काम करतात, तोच कोड इथल्या मुलांच्या संगणकावर आज उतरवून घेता येतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला दरवर्षी तोच तो दिवा चालू-बंद करून दाखवण्यापेक्षा शिक्षकांनी यंदा विद्यार्थ्यांना एक पोतं हळद आणि एक ईएसपी३२ची पाटी द्यावी.