समोरच्या संघासाठी वाजलेल्या टाळ्या

सामना बघणारा माणूस कुणाच्या बाजूने ओरडतो यावरून त्याचं देशप्रेम जोखायची सवय आपल्याकडे आता चांगलीच रुळली आहे. भारत हरल्यावर कुणी फटाका फोडला, कुणी स्टेटसला दोन ओळी ठेवल्या, की तक्रार होते, अटक होते, कधी राहतं घर किंवा दुकान धोक्यात येतं. मला ही सवय घातक वाटते. का वाटते, ते सांगण्यासाठी थोडा इतिहास, थोडा कायदा आणि काही सामने पुन्हा डोळ्यांसमोर आणायला हवेत.

टेबिट यांचा सवाल

नॉर्मन टेबिट हे मार्गारेट थॅचर यांच्या मंत्रिमंडळात होते, पुढे हुजूर पक्षाचे अध्यक्षही झाले. एप्रिल १९९० मध्ये त्यांनी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ला मुलाखत दिली. ब्रिटनमध्ये येऊन राहिलेल्या आशियाई लोकांपैकी बरेच जण क्रिकेटमध्ये इंग्लंडच्या पाठीशी नसतात, ते अजूनही मागे सोडून आलेल्या देशाचेच आहेत की नव्या देशाचे झाले, असा त्यांचा सवाल होता. तेव्हापासून ‘टेबिट टेस्ट’ हा शब्दप्रयोग ब्रिटनच्या राजकारणात कायमचा येऊन बसला.

टेबिट यांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं. लंडन, बर्मिंगहॅम, मँचेस्टर इथल्या मैदानांवर भारत किंवा पाकिस्तान खेळत असले की प्रेक्षकांत इंग्लंडचे पाठीराखे कमी आणि पाहुण्यांचे जास्त, असं चित्र अनेकदा दिसायचं. पण हे का घडतं, हे त्यांनी विचारलं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत या माणसांना रस्त्यात शिव्या खाव्या लागत होत्या, वर्णद्वेषी नॅशनल फ्रंटचे मोर्चे त्यांच्या वस्त्यांतून जात होते. एरवी मान खाली घालून कामावर जाणारा माणूस वर्षातून एखाद्या दिवशी स्टेडियममध्ये ढोल घेऊन जाई आणि मोकळ्या गळ्याने ओरडे. कर तो ब्रिटनला भरत होता, मुलं तिथल्याच शाळेत होती, म्हातारपणही तिथेच जाणार होतं. टाळ्या तेवढ्या वडिलांच्या देशासाठी होत्या.

२००१ मध्ये इंग्लंडचा कर्णधार नासिर हुसेन यानेही हीच खंत बोलून दाखवली. तो स्वतः मद्रासला जन्मलेला. लहानपणी ब्रिटनमध्ये आलेल्यांनी किंवा तिथेच जन्मलेल्यांनी इंग्लंडला पाठिंबा का देऊ नये, हे त्याला कळत नव्हतं. कर्णधाराने असं म्हणणं मी समजू शकतो. घरच्या मैदानावर आपल्यालाच परकं वाटणं हे कुठल्याही खेळाडूला लागणारच.

बर्मिंगहॅमचा मोईन

सप्टेंबर २०१४ मध्ये एजबॅस्टनला इंग्लंड-भारत टी-ट्वेंटी सामना झाला. मोईन अली बर्मिंगहॅममध्येच जन्मला आणि वाढला, त्याची एक आजी गोरी इंग्रज. तो इंग्लंडकडून, स्वतःच्या गावात खेळत होता. तरी त्याच्या हाती चेंडू आला किंवा तो फलंदाजीला उतरला की भारताचे पाठीराखे त्याची हुर्यो उडवत होते. कारण त्याचं घराणं मुळात पाकिस्तानातलं. हुर्यो उडवणाऱ्यांपैकी बहुतेकही ब्रिटनमध्येच राहणारे. टेबिट यांच्या अपेक्षेप्रमाणे वागून इंग्लंडसाठी घाम गाळणाऱ्या पोराच्या वाट्याला हे आलं. माणसाने कुणाची जर्सी घातली आहे यापेक्षा त्याचं नाव काय आहे हे बघणारे लोक कुठल्याच परीक्षेने समाधानी होत नाहीत.

याच मैदानावर ३० जून २०१९ रोजी वर्ल्ड कपमध्ये भारत आणि इंग्लंड समोरासमोर आले, तेव्हा पाकिस्तानचे चाहते भारताच्या विजयासाठी प्रार्थना करत होते. इंग्लंड हरलं असतं तर पाकिस्तानचा उपांत्य फेरीचा रस्ता सोपा होणार होता. भारत ३१ धावांनी हरला आणि त्यांचाही हिरमोड झाला. निष्ठा म्हणून आपण जे मोजायला जातो त्यात गुणतक्त्याचाही असा वाटा असतो.

पोर्ट ऑफ स्पेन, १९७१

मराठी वाचकांना १९७१ चा वेस्ट इंडिज दौरा वेगळा सांगायला नको. अजित वाडेकर कर्णधार, गोव्याच्या दिलीप सरदेसाईंच्या ६४२ धावा, नवख्या सुनील गावसकरच्या ७७४. पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर भारताने सात गडी राखून कसोटी जिंकली. वेस्ट इंडिजविरुद्धचा तो भारताचा पहिला कसोटी विजय.

त्या मैदानावर पाहुण्या भारतीयांना पाठिंब्याची वानवा नव्हती. १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्या भारतीयांची नातवंडं-पतवंडं त्रिनिदादच्या लोकसंख्येत मोठ्या संख्येने होती. त्यांच्यापैकी पहिला खेळाडू, सॉनी रामाधीन, वेस्ट इंडिजच्या कसोटी संघात आला तो १९५० मध्ये. आपल्यासारखा चेहरा संघात क्वचितच दिसत असेल, तर माणूस दुसऱ्या संघात तो शोधतो. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषाच्या काळात वेगळ्या, कुंपणाआडच्या स्टँडमध्ये बसवलेले कृष्णवर्णीय प्रेक्षक पाहुण्या संघासाठी ओरडत, त्यामागे तर उघड संताप होता. ज्या संघात आपल्या माणसाला प्रवेशच नाही, त्याच्या विजयाचा आनंद कसला?

चेपॉक, ३१ जानेवारी १९९९

आता आपल्या घरात येऊ. जानेवारी १९९९ मध्ये पाकिस्तानचा संघ बारा वर्षांनी भारतात कसोटी मालिका खेळायला आला. त्याआधी शिवसैनिकांनी दिल्लीच्या फिरोजशाह कोटलाची खेळपट्टी उखडली होती. मुंबईला वानखेडेवर १९९१ मध्ये हे घडून गेलेलंच होतं. दिल्लीची कसोटी मागे ढकलून पहिली कसोटी चेन्नईला हलवली गेली.

शेवटच्या डावात भारताला २७१ धावा हव्या होत्या. ५ बाद ८२. मग सचिन आणि नयन मोंगिया यांनी १३६ धावांची भागी केली. सचिनची पाठ इतकी दुखत होती की प्रत्येक फटक्यानंतर तो वाकून उभा राहत होता. १७ धावा उरल्या असताना सकलेन मुश्ताकला उंच मारायला गेला, वसीम अक्रमने झेल घेतला. १३६ धावा. उरलेले तीन गडी अवघ्या चार धावांत गेले आणि भारत १२ धावांनी हरला.

मैदान आधी सुन्न झालं. मग लोक उभे राहू लागले, टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. वसीमने आपला संघ गोळा केला आणि मैदानाला फेरी मारली. पूर्ण स्टेडियम पाकिस्तानसाठी उभं होतं. हृदय पिळवटून टाकणारा पराभव नुकताच पाहिलेली माणसं ती. त्यांच्यापैकी कुणाचा देश त्या दहा मिनिटांत बदलला, असं कोण म्हणेल? भारतीय क्रिकेटमधला माझ्या मते सर्वांत अभिमानाचा क्षण हा पराभवाचा आहे.

तीन आठवड्यांनी कोलकात्याला सचिन शोएब अख्तरला धडकून धावबाद झाला. इतका गोंधळ माजला की शेवटच्या दिवशी स्टेडियम रिकामं करून सामना संपवावा लागला. देश तोच, संघ तेच, मोसमही तोच.

संशयाची जुनी खोड

खेळाडूंवरच्या संशयाची गोष्टही जुनी आहे. १९६० च्या जानेवारीत ब्रेबॉर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध अर्धशतक झळकावल्यावर अब्बास अली बेग यांच्या गालावर एका तरुणीने मैदानात धावत येऊन मुका घेतला होता. त्याच वर्षाअखेर पाकिस्तानविरुद्ध ते अपयशी ठरले, तर मुद्दाम खराब खेळल्याचे आरोप करणारी पत्रं त्यांना आली. २०२१ मध्ये दुबईत पाकिस्तानने भारताला दहा गडी राखून हरवलं, तेव्हा मोहम्मद शमीला अशाच भाषेत लक्ष्य केलं गेलं. अकरा जण हरले आणि जाब विचारला एकाला. विराट कोहली कर्णधार म्हणून शमीच्या मागे ठामपणे उभा राहिला, याचं मोल मला फार वाटतं. त्याच कोहलीने २०१८ मध्ये, इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचे फलंदाज जास्त आवडतात म्हणणाऱ्या एका चाहत्याला, मग भारतात राहू नये असं सुनावलं होतं. त्यावर टीका झाली आणि ती योग्यच होती.

कारण परक्या खेळाडूवर जीव जडणं ही क्रिकेटमधली अगदी साधी गोष्ट आहे. गावसकरांनी मुलाचं नाव रोहन ठेवलं ते वेस्ट इंडिजच्या रोहन कन्हायवरून. बंगळुरूच्या प्रेक्षकांनी एबी डिव्हिलियर्सच्या नावाचा घोष केला तो भारताविरुद्धच्या कसोटीत. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबईत जन्मलेल्या एजाज पटेलने न्यूझीलंडकडून वानखेडेवर भारताचे दहाच्या दहा बळी घेतले. प्रेक्षकांनीच नव्हे, भारतीय खेळाडूंनीही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या सह्यांची जर्सी त्याला दिली. एजाजला मिळालेलं प्रेम आणि पाकिस्तानच्या खेळाडूला कुणी दिलेली दाद, यांत आपण जो फरक करतो तो क्रिकेटमधून आलेला नाही, फाळणीतून आणि युद्धांतून आला आहे. सीमेवर माणूस गमावलेल्या घराला तो टाळ्यांचा आवाज टोचणार, हे मला मान्य आहे. पण टोचणं आणि गुन्हा असणं यांत मोठं अंतर आहे.

कायदा काय म्हणतो

ज्या कलमाखाली १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना मंडालेला पाठवलं गेलं, तेच राजद्रोहाचं कलम १२४अ क्रिकेटच्या प्रेक्षकांवर लावलं गेलं आहे. २०१४ मध्ये मेरठच्या एका विद्यापीठातल्या काश्मिरी विद्यार्थ्यांवर लावलं, मग मागे घेतलं. २०२१ मध्ये आग्र्यात तीन काश्मिरी विद्यार्थ्यांना अटक झाली, त्यांना जामीन मिळायला मार्च २०२२ उजाडला.

सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच केदारनाथ सिंग खटल्यात सांगून ठेवलं होतं की हिंसेला किंवा अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच राजद्रोह. १९९५ मध्ये बलवंत सिंग खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. इंदिरा गांधींची हत्या झाली त्या दिवशी चंदीगडमध्ये एका चित्रपटगृहाबाहेर खलिस्तानच्या घोषणा देणाऱ्यांचीही सुटका झाली, कारण एक-दोनदा दिलेल्या त्या घोषणांनी काहीही पेटलं नव्हतं. मग षटकारावर वाजवलेली टाळी कुठे बसते? मे २०२२ मध्ये १२४अ च्या वापराला न्यायालयाने स्थगिती दिली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १५२ आलं, त्यातही देशाच्या सार्वभौमत्वाला आणि एकात्मतेला धोका पोहोचवणारी कृती हवी.

आणखी एक बाब. ज्याला आपण देशाचा संघ म्हणतो तो निवडणारं क्रिकेट नियामक मंडळ ही सोसायटी कायद्याखाली नोंदलेली संस्था आहे. झी टेलिफिल्म्स खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी म्हटलं की राज्यघटनेच्या अर्थाने हे मंडळ ‘राज्य’ नाही. भावनेने तो संघ आपला आहेच. पण त्याच्या पराभवाचा आनंद हा राज्याविरुद्धचा द्रोह ठरवायला कायद्यात जागा नाही.

बुऱ्हाणपूर आणि मालवण

रावेरच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात १८ जून २०१७ नंतर पंधरा जणांना अटक झाली. ओव्हलवर चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तान १८० धावांनी जिंकल्यावर त्यांनी जल्लोष केला, असा आरोप. ज्याच्या नावे तक्रार होती त्यानेच आपण तक्रार केली नसल्याचं सांगितलं. राजद्रोहाचं कलम काही दिवसांत काढलं गेलं, दुसरं कलम राहिलं. निर्दोष सुटायला २०२३ साल यावं लागलं. मधली सहा वर्षं तारखांमध्ये गेली. हातावर पोट असलेल्या माणसाला प्रत्येक तारखेला त्या दिवसाची मजुरी सोडावी लागते.

मालवणमध्ये तर तारखांचीही वाट पाहिली गेली नाही. २३ फेब्रुवारी २०२५ ला दुबईत भारत-पाकिस्तान सामना झाला. त्या रात्री देशविरोधी घोषणा दिल्याची तक्रार एका भंगारवाल्याच्या कुटुंबाविरुद्ध झाली, त्यात त्याचा अल्पवयीन मुलगाही होता. दुसऱ्याच दिवशी नगरपरिषदेने अनधिकृत म्हणून दुकान पाडलं. बांधकाम पाडण्याआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२४ चा आदेश आहे. त्याचा भंग झाला म्हणून अवमान याचिका दाखल झाली आणि न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उत्तर मागवलं. घोषणा खरोखर दिल्या होत्या का, हे कुठल्याही न्यायालयात सिद्ध होण्याआधी दुकान जमीनदोस्त झालं होतं.