रेसची टोपी, नारायणपेठीचा काठ

'रेस' हा शब्द आपल्या घरांतून सहसा मोठ्यानं उच्चारला जात नाही. अमका 'रेसच्या नादी लागला' एवढं म्हटलं की पुढचं ऐकणारा आपलं आपण समजून घेतो. शेत गेलं असणार, बायकोच्या पाटल्या गेल्या असणार. मराठी घर असो की कन्नड, या बाबतीत दोन्हीकडचा अनुभव सारखाच आहे. तरीही जगभर या शर्यतींच्या दिवशी आणखी एक स्पर्धा रंगते आणि तिच्यात पैसे लावावे लागत नाहीत. ही स्पर्धा वेषाची आणि विशेषतः टोपीची. लग्नाचा रुखवत जितक्या निगुतीनं मांडतात, तितक्याच निगुतीनं बायका महिना महिना आधी टोपी करायला घेतात. या हौसेत आपल्या भागातल्या काठापदराला आणि आपल्या हातांतल्या कलेला भरपूर वाव आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

टोपी आली कुठून?

इंग्लंडच्या ॲस्कॉट गावी राणी ॲनच्या पुढाकारानं १७११ साली शर्यती सुरू झाल्या. राजघराण्याची हजेरी असल्यामुळे तिथं काय नेसावं आणि काय नेसू नये याचे नियम ठरत गेले. १९१० साली राजा सातवा एडवर्ड वारला. त्यानंतरच्या ॲस्कॉटला झाडून सगळे काळ्या पोशाखात आले, टोप्याही काळ्या. पुढे 'माय फेअर लेडी' या १९६४ च्या चित्रपटात ॲस्कॉटचा जो काळापांढरा देखावा आहे, त्याच्याशी त्या दिवसाचं नातं सांगितलं जातं. बर्नार्ड शॉच्या ज्या नाटकावर तो चित्रपट आहे, त्याच नाटकावरून पुलंनी 'ती फुलराणी' केलं, हे वाचकांना ठाऊक आहेच. आजही ॲस्कॉटच्या राजेशाही कक्षात बाईच्या डोक्यावरच्या टोपीची बैठक निदान चार इंच व्यासाची असावी लागते. नुसतं पीस खोचलेली क्लिप चालत नाही. मात्र परदेशी पाहुण्यांना आपापला राष्ट्रीय पोशाख घालायची मुभा आहे, म्हणजे आपल्या साडीला तिथं मज्जाव नाही.

वेषाची रीतसर स्पर्धा रुजली ती ऑस्ट्रेलियात. मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन मैदानावर १९६२ साली 'फॅशन्स ऑन द फील्ड' सुरू झाली. बायकांनी शर्यतींना जास्त संख्येनं यावं हा त्यामागचा हेतू. सुरुवातीला पोशाखाच्या किमतीनुसार गट पाडले होते, म्हणजे कमी खर्चात नेटकी दिसणारी बाईही बक्षीस नेऊ शके. पुढं १९६५ साली तिथं जीन श्रिम्प्टन ही इंग्लिश मॉडेल पाहुणी म्हणून आली. डोक्याला टोपी नाही, हातमोजे नाहीत, पायमोजे नाहीत आणि झगा गुडघ्याच्या चार इंच वर! मैदानभर कुजबुज झाली, वर्तमानपत्रांनी रान उठवलं. झगा आखूड होण्याचं कारण मात्र अगदी साधं होतं. कापड कमी पडलं होतं. शिंप्याकडे कापड कमी पडण्याचा अनुभव कुणाला नाही? पण त्या कमी पडलेल्या कापडानं आखूड झग्याची लाट आणली.

मलकपेठ ते महालक्ष्मी

आपल्याकडेही हा शौक जुना आहे. हैदराबादला सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळात शर्यतीचं मैदान मौला अलीहून मलकपेठला, त्यांच्या वाड्याजवळ आणलं गेलं. ते वर्ष १८८६. काचीगुडा, सुलतान बाजार, बरकतपुरा हा मराठी माणसांच्या जुन्या वस्तीचा भाग तिथून फार लांब नाही. चादरघाटचा पूल ओलांडून मुसीपलीकडे गेलं की मलकपेठ. १९५६ पर्यंत मराठवाडा, बिदर, गुलबर्गा, रायचूर हे सगळे हैदराबाद राज्यातच होते, त्यामुळे आपल्याकडच्या कित्येक घरांची एक फांदी आजही या वस्त्यांत सापडते.

मुंबईला महालक्ष्मीच्या मैदानावर १९४३ साली पहिली इंडियन डर्बी झाली आणि ती जिंकली बडोद्याच्या महाराणींच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीनं. बडोद्याच्या गायकवाडांचा 'सयाजीराव' नावाचा घोडा १९४७ साली इंग्लंडची सेंट लेजर शर्यत जिंकला. पण अशा मैदानांवर आपल्या राजघराण्यांतल्या स्त्रिया बहुधा दिसत त्या साडीत, डोक्यावर पदर घेऊन. बडोद्याची लेक आणि कुचबिहारची महाराणी इंदिरादेवी हिनं शिफॉनची साडी लोकप्रिय केली, असं मानलं जातं. टोपी ही गोऱ्या मडमांची, पदर आपला, अशी जणू वाटणीच होती.

आता ती वाटणी राहिलेली नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मुंबईला डर्बी असते, तेव्हा टोपी घातलेल्या मुली जागोजाग दिसतात. अशा मोठ्या दिवसांना जोडून वेषाच्या आणि टोप्यांच्या स्पर्धाही होतात.

बरकतपुऱ्यातलं एक घर

माझी एक मावसबहीण बरकतपुऱ्यात राहते. माहेर आपल्याच भागातलं, सासर तीन पिढ्या हैदराबादी. बैठकीत मराठी, रस्त्यावर तेलुगू आणि दखनी. सून बिदरकडची, त्यामुळे स्वयंपाकघरात कन्नड. मध्यंतरी सुनेच्या कचेरीतल्या मैत्रिणींनी मुंबईला एका रेसच्या दिवशी जायचं ठरवलं आणि तिचं नाव वेषस्पर्धेत घातलं. तयार टोपीची किंमत ऐकून तिनं टोपी घरीच करायचं ठरवलं. अडचण टोपीची नव्हती. घरात 'रेस' हा शब्दच चालत नव्हता.

त्या घरातल्या थोरल्या काकांनी रेसच्या पायी एके काळी राहतं घर घालवलं होतं. आत्ताचं घर नंतर पै पै जोडून उभं राहिलेलं. मावसबहिणीनं सुनेला स्पष्ट सांगितलं, "या घरातून रेसला कुणी जायचं नाही." सून काही बोलली नाही, पण दोन दिवस घरात भांड्यांचाच आवाज जास्त होता.

तिसऱ्या दिवशी माळ्यावरची ट्रंक उन्हात काढली होती. तिच्यात थोरल्या काकूंची नारायणपेठी निघाली. जांभळं अंग, बारीक चौकडी, लाल काठ. घड्यांवर विरलेली, नेसता येणार नाही अशी. काकूंचे दागिने गेले, भांडी गेली. ही साडी राहिली, कारण तिच्यावर कुणी पैसे दिले नसते. मावसबहीण बराच वेळ ती मांडीवर घेऊन बसली. मग सुनेला हाक मारून म्हणाली, "काकू जन्मात कधी रेसला गेल्या नाहीत. गेलं ते सगळं त्यांचंच गेलं. आता त्यांची साडी तरी ताठ मानेनं जाऊन येऊ दे. पण एका रुपयाचं तिकीट लावायचं नाही." सून म्हणाली, "इल्ला अत्ते, ओंदु रुपायीनू इल्ला."

काठाची पहिली शिवण मावसबहिणीनंच उसवली. सुनेला बक्षीस मिळालं नाही. ती पर्समधले पैसे जसेच्या तसे घेऊन परत आली, आणि ती टोपी आता काकूंच्या फोटोखालच्या कपाटात ठेवलेली आहे.

नारायणपेठच का?

नारायणपेठ हे तेलंगणातलं गाव, कर्नाटकाच्या सीमेला लागून. तिथल्या साड्या मराठी बायकांनी इतक्या आपल्या केल्या की पुष्कळांना ते गाव महाराष्ट्रातच वाटतं. चौकडीचं अंग आणि उठून दिसणारा काठ ही तिची ओळख. टोपीसाठी असा काठ सोन्यासारखा, कारण काठ घट्ट विणीचा असतो आणि अंग विरलं तरी तो टिकतो. इरकलीचा लाल-पांढरा 'टोपतेनी' पदर असाच देखणा. गुळेदगुड्डचा खण तर टोपीवर चढवायला उत्तमच, कारण नक्षीमुळे त्याला मुळातच एक ताठपणा असतो.

घरी टोपी कशी करावी?

ही कला आपल्याला परकी नाही. नवरानवरीचं बाशिंग आठवून पाहा. पुठ्ठा, तार, जर, मणी, भेंडाची फुलं, आणि हे सगळं कपाळावर न ढळता बसलं पाहिजे. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांनाही बाशिंग बांधतात. कन्नडमध्येही त्याचं नाव बासिंगच. साहेबाची सोला टोपीदेखील शोल्याच्या, म्हणजे भेंडाच्याच गाभ्याची असे. हैदराबादची रूमी टोपी पितळी साच्यावर चढवून उष्णतेनं आकाराला आणत. टोपीवाले परदेशात लाकडी साचा वापरतात. आपल्याला घरातलं तसराळं पुरतं.

१. बैठक : खळीचं जाड सुती बकरम घ्यावं. कॉलरला लावायचं चिकट बकरम नको. दोन थर ओले करून, प्लॅस्टिक गुंडाळलेल्या पालथ्या वाटीवर किंवा तसराळ्यावर ताणून बसवावेत, कडेनं दोरी बांधावी आणि रात्रभर वाळू द्यावं. खळ सुकली की आकार धरतो.

२. तार : कड कापून तिच्यावर बारीक पण ताठ तार काजटाक्यानं शिवावी. तारेची टोकं दोनेक इंच एकमेकांवर घेऊन दोऱ्यानं घट्ट गुंडाळावीत, नाहीतर ऐन वेळी टोक केसांत रुततं.

३. कापड : वरचं कापड उरेब कापावं, म्हणजे गोलाईवर सुरकुती न पडता बसतं. काठ मात्र उरेब कापता येत नाही. तो सरळच ठेवून बारीक चुण्यांनी वळवावा, किंवा पट्टीसारखा कडेनं फिरवावा. विरलेलं कापड असेल तर आधी त्याला पातळ मलमलीचं अस्तर टाचावं.

४. सजावट : एक मोठं फूल किंवा एक तुरा पुरे. फुलं त्याच कापडाची केली तर जास्त शोभतात. काय लावायचं ते आधी टाचणीनं लावून आरशात बघावं आणि त्यातली एक गोष्ट काढून टाकावी.

५. बसवणं : आतून अस्तर, एका कडेला छोटा कंगवा आणि दोन्ही बाजूंना बारीक इलॅस्टिक. इलॅस्टिक हनुवटीखाली नको, मागं केसांखाली घ्यावं. टोपी डोक्याच्या मधोमध न बसवता उजव्या भुवईच्या वर किंचित कललेली असावी. अंबाडा असेल तर काम सोपं होतं.

वेष जुळवताना

टोपी आणि पोशाख यांत राजा एकच असावा. काठाची टोपी असेल तर साडी किंवा झगा एकरंगी बरा. टोपीतला एक रंग चपलेत नाहीतर बटव्यात पुन्हा यावा, तिन्हीकडे नको. मैदानावर हिरवळ असते, तिथं टोकदार टाचा मातीत रुततात. रुंद टाच किंवा आपली कोल्हापुरी उत्तम. वारा असतो, म्हणून टोपी घालून घरीच गच्चीवर दहा मिनिटं फिरून पाहावं. कड फार रुंद नको. मागच्याला शर्यत दिसली पाहिजे आणि कुणी मिठी मारली तर टोपी पडायला नको! परीक्षक कपडा किती महाग हे बघत नाहीत. मापात बसला आहे का, एकमेकाला शोभतो आहे का आणि घालणारी त्यात मोकळी वावरते आहे का, हे बघतात. उसनी वाटणारी टोपी लांबूनही कळते.

सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानलं. कायद्याच्या भाषेत ते बरोबरच असेल, पण पैसे लावणाऱ्याच्या घरच्यांना त्यानं धीर येत नाही. म्हणून वेषस्पर्धेला जाणाऱ्या मुलीबाळींनी खिडकी कुठली ओलांडायची नाही हे घरूनच ठरवून निघावं, आणि घरातल्या मोठ्यांनी टोपी आणि तिकीट यांत फरक करावा.

टोपी घालणे याचा मराठीत एक अर्थ फसवणे असाही आहे. गंमत म्हणजे कन्नडमध्येही 'टोपी हाकु'चा अर्थ तोच. दोन्ही भाषांनी या शब्दातून दिलेला इशारा लक्षात ठेवावा, आणि ट्रंकेतल्या जुन्या काठांकडे एकदा नव्यानं बघावं. रेसला जायचं नसेल तरी काही बिघडत नाही. नातीच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनालाही अशी टोपी शोभेल, आणि ती करताना त्या साडीची गोष्ट नातीला आपसूक कळेल.