वैयक्तिक वेळनोंद साधन (कमांड लाइन)

वैयक्तिक वेळनोंद साधन म्हणजे एखाद्या व्यक्तीने आपला वेळ कोणत्या कामात गेला हे टिपण्यासाठी संगणकाच्या कमांड लाइनवर चालवलेली छोटी आज्ञावली होय. कमांड लाइनवर चित्रे वा बटणे नसतात. आदेश टंकलिखित करावा लागतो. 'वेळ सुरू अभ्यास', 'वेळ थांब' आणि 'वेळ अहवाल' असे तीन आदेश असले तरी साधन पूर्ण होते. त्याची खरी कसोटी आदेशांच्या संख्येत नसून नोंद कशी साठवली जाते यात आहे.

नोंदीची रचना

अशा साधनांची परंपरा बरीच रुळलेली आहे. जॉन विग्ली यांच्या 'लेजर' या हिशेबाच्या आज्ञावलीला काम सुरू झाल्याची एक आणि संपल्याची एक अशा ओळींची साधी फाइल वाचता येते. कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या 'ऑर्ग मोड'मध्ये टिपणाखालीच घड्याळ चालवता येते. 'टाइमवॉरियर' हे केवळ याच कामासाठी रचलेले आहे. तिन्हींत माहिती साध्या मजकुरात राहते. आज्ञावली उद्या बंद पडली तरी वही वाचावी तशी फाइल वाचता येते, हा या पद्धतीचा मोठा गुण.

नोंदीत फक्त घडलेली गोष्ट असावी. बेरीज, सरासरी आणि वर्गवारी अहवालाच्या वेळी करावी. यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबात राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे उदाहरण घेता येईल. महाराष्ट्रात कृषिपंपांना आळीपाळीने दिवसा व रात्री वीज मिळत आल्याने हरभऱ्याचे ओलीत पुष्कळदा रात्रीच करावे लागते. त्याची नोंद अशी होईल :

सुरू २०२४-१२-०९ २१:४० +०५:३० ओलीत
थांब २०२४-१२-१० ०५:१० +०५:३०

तारीख न लिहिता केवळ तास-मिनिटे वजा केली, तर उत्तर उणे साडेसोळा तास येते. प्रत्यक्षात काम साडेसात तासांचे आहे. ओळीतील '+०५:३०' हा भाग निरर्थक भासतो, परंतु तोच क्षणाला जागतिक वेळेशी जोडतो. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरली आहे. यवतमाळ शहर सुमारे ७८.१ अंशांवर असल्याने तेथील सूर्य घड्याळाच्या साधारण साडेसतरा मिनिटे मागे असतो. जगातील बहुतेक प्रदेशांचा फरक पूर्ण तासांचा आहे, आपला अर्ध्या तासाचा. त्यामुळे फरक पूर्णांकात साठवणारी आज्ञावली येथे चुकते.

वीज गेल्यामुळे संगणक बंद झाला आणि 'थांब' लिहायचे राहिले, तर साधनाने अंदाजाने वेळ भरू नये. पुढच्या वेळी विचारावे आणि मागाहून दिलेल्या उत्तरावर तशी खूण ठेवावी. जुनी ओळ खोडण्यापेक्षा दुरुस्तीची नवी ओळ जोडणे अधिक प्रामाणिक. किर्द लिहिणारे मुनीमही हेच करीत.

दिवस कोठे संपतो?

वरील ओलीत मध्यरात्रीच्या सीमेवर तोडले तर पहिल्या दिवसाच्या खाती २ तास २० मिनिटे व दुसऱ्याच्या खाती ५ तास १० मिनिटे पडतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने जानेवारी ते डिसेंबर २०१९ मध्ये केलेल्या वेळ वापर सर्वेक्षणात दिवस पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत धरला होता. त्या हिशेबाने हीच विभागणी ६ तास २० मिनिटे आणि १ तास १० मिनिटे अशी होते, व ती माणसाच्या समजुतीला अधिक जवळची आहे. ही सीमा वापरणाऱ्याला ठरवता यावी.

याच सर्वेक्षणात दिवस अर्ध्या-अर्ध्या तासांच्या खणांत विभागून एका खणात एकाहून अधिक कामे नोंदवण्याची सोय ठेवली होती. बहुतेक वैयक्तिक साधने मात्र नवे काम सुरू होताच जुने बंद करतात. कार्यालयातील कामाला हे चालते. चुलीवर भात ठेवून मुलाचा अभ्यास घेणाऱ्या आईला चालत नाही. घरातल्या विनावेतन कामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जातो, असे त्या पाहणीत आढळले. एका वेळी एकच काम मानणारे साधन या श्रमाचा मोठा भाग आरंभीच गाळून टाकते. म्हणून दोन घड्याळे एकाच वेळी चालू देणे व अहवालात एकूण वेळ चोवीस तासांपलीकडे गेला तर तसे स्पष्ट दाखवणे, ही रचना अधिक योग्य ठरते.

नावे आणि लिपी

कामाचे नाव देवनागरीत लिहिता येते, पण अंक संगणकाला सहज वाचता यावेत म्हणून फाइलीत आंतरराष्ट्रीय वळणाचे ठेवावेत. वरील उदाहरणात ते केवळ वाचनसुलभतेसाठी देवनागरीत दिले आहेत. 'वऱ्हाडी' या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणक मात्र त्यांना भिन्न शब्द मानतो आणि एकाच कामाची दोन खाती पडतात. युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणानेही हा भेद मिटत नाही. साधनाला तो स्वतंत्रपणे हाताळावा लागतो. 'निंदण' आणि 'निंदन' यांसारखा उच्चारभेद यंत्राने परस्पर मिटवू नये. अशा पर्यायांची छोटी यादी वापरणाऱ्यानेच करून ठेवणे बरे.

हजेरीपटाहून वेगळेपण

ग्रामीण रोजगार हमीच्या कामांवर जानेवारी २०२३ पासून हजेरी मोबाइल ॲपवर, दिवसातून दोनदा छायाचित्र घेऊन नोंदवणे सक्तीचे झाले. ती नोंद कामावर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेकडे जाते. वैयक्तिक साधनाची फाइल मात्र स्वतःच्याच संगणकावर राहते आणि वापरणाऱ्याने ठरवल्याखेरीज कोठेही पाठवली जात नाही. तिची प्रत पेन ड्राइव्हवर घेण्यास एक साधा आदेश पुरतो.