स्विचचं अपग्रेड पाऊस लागण्याआधी उरका

मालवणातली बँक असो, तहसील कार्यालय असो की तारकर्लीतला होमस्टे, भिंतीवरच्या कपाटात हिरवे दिवे लुकलुकणारा एक चपटा डबा असतो. तो नेटवर्क स्विच. कोणता संगणक कोणत्या पोर्टवर आहे याचा तक्ता तो स्वतःच तयार करतो आणि माहितीचं पाकीट नेमकं तिथंच पोचवतो. साध्या स्विचच्या तक्त्यात साधारण आठ हजार नोंदी मावतात. तो भरला की अनोळखी पत्त्याची पाकिटं सगळ्याच पोर्टवर सोडली जातात आणि नेटवर्क मंदावतं.

अशा मर्यादा कंपन्या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीसोबतच्या माहितीपानावर लिहून देतात. ते पान फारसं कुणी वाचत नाही, याची मला खरोखर चिंता वाटते. काही मर्यादा तर थेट गणितातून येतात. स्विच किती वेळ चालू आहे, हे बहुतेक ठिकाणी सेकंदाच्या शंभराव्या भागात, ३२ बिटांच्या आकड्यात मोजलं जातं. हा आकडा सुमारे ४२९ कोटींपर्यंतच जातो. त्यामुळे ४९७ दिवसांनी तो पुन्हा शून्यावर येतो आणि देखरेख करणाऱ्याला वाटतं, स्विच आत्ताच बंद पडून चालू झाला. बोइंग ७८७ विमानातही असाच मोजणीचा दोष निघाला होता. वीजपुरवठा सलग २४८ दिवस चालू राहिला तर जनरेटरचे नियंत्रक एकदम बंद पडू शकतात, म्हणून अमेरिकेच्या विमान नियामकानं २०१५ मध्ये तो ठरावीक काळानं बंद करण्याचा आदेश दिला.

सुरक्षेच्या त्रुटी बुजवायच्या तर सॉफ्टवेअरचं अपग्रेड टाळता येत नाही. धोका असतो तो नवं सॉफ्टवेअर फ्लॅश मेमरीत लिहिलं जात असतानाच्या काही मिनिटांत. तेवढ्यात वीज गेली तर अर्धवट लिहिलेल्या प्रतीवर स्विच सुरू होत नाही. चांगल्या स्विचमध्ये दोन प्रतींची जागा असते, जुनी प्रत शाबूत राहते. स्वस्त स्विचमध्ये बहुधा ती सोय नसते.

इथंच आपल्या किनाऱ्याचा प्रश्न येतो. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्यांची डागडुजी होते, तशीच यंत्रांचीही करावी असं वाटणं साहजिक आहे. पण वादळवाऱ्यात वीज सर्वाधिक दगा देते ती याच दिवसांत. पावसाच्या तोंडावरचा मे महिनाही भरवशाचा नाही: मे २०२१ मधल्या तौक्ते वादळानंतर किनाऱ्यावरच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. मला विचाराल तर नाताळची गर्दी ओसरल्यावर, फेब्रुवारीतली एखादी रात्र उत्तम. आणि तेव्हाही यूपीएसची बॅटरी आधी तपासलेली हवी. स्विचवरूनच वीज घेणारे कॅमेरे आणि फोन रिबूट होईपर्यंत बंद राहतील, हेही आधी सांगून ठेवावं. उतरवलेल्या फाइलची खूण (चेकसम) कंपनीनं दिलेल्या खुणेशी जुळवून पाहावी. फार जुन्या आवृत्तीवरून थेट नव्यावर उडी मारता येते का, तेही कंपनीच्या त्याच माहितीपानावर लिहिलेलं असतं.

आधीचं अपग्रेड सुरळीत झालं म्हणून पुढचं निर्धोक मानू नये. कॅनडातल्या रॉजर्स कंपनीच्या अपग्रेडचे सुरुवातीचे टप्पे नीट पार पडले, म्हणून पुढच्या टप्प्याचा धोका कमी धरला गेला. ८ जुलै २०२२ रोजी सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांचं नेटवर्क कोसळलं. दुरुस्तीला लागणारा मार्गही त्याच नेटवर्कमधून जात असल्यानं अभियंत्यांनाच आत शिरता येईना. मालवणात अभियंता कोल्हापुरात बसून दूरवरून अपग्रेड करणार असेल, तर इथं स्विचला थेट जोडणारी कन्सोल केबल लावलेला लॅपटॉप घेऊन कुणीतरी स्विचपाशी बसलेलं हवं. जुन्या कॉन्फिगरेशनची प्रतही त्याच लॅपटॉपमध्ये हवी. इंटरनेटवर ठेवलेली प्रत नेटवर्क बंद असताना उघडणार नाही.