दहा नंबर सोडून अकरा जण

यात्रांचा हंगाम सुरू झाला की आळे, ओतूर, नारायणगाव, मंचर या पट्ट्यात बैलगाडा शर्यतींच्या घाटावर एक वाद हमखास रंगतो. आजच्या बारीला किती सेकंद लागले हे घड्याळ सांगतं, त्याचा निकाल तिथंच लागतो. वाद असतो तो निराळा. आजवर पाहिलेल्या सगळ्या बैलांतून एकच गाडा जुळवायचा, तर पुढच्या जुकाटाला कोण आणि मागच्या धुरीला कोण? कुणी २०१४ च्या शर्यतबंदीआधीचा बैल काढतो, कुणी २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यानंतर गाजलेला. हे बैल कधी एका घाटात उतरलेच नाहीत. पण गाडा जुळवणाऱ्यांचं त्यावाचून काही अडत नाही.

फुटबॉल क्लबांचे चाहते जगभर हेच करत असतात. क्लबाच्या सगळ्या इतिहासातून, जुन्या-नव्या खेळाडूंतून, सर्वोत्तम अकरा निवडायचे. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या सेल्टिक क्लबाने २००२ मध्ये चाहत्यांचा कौल घेतला, तेव्हा सर्वकालीन सर्वोत्तम खेळाडू म्हणून नाव निघालं जिमी जॉनस्टनचं. हा १९६७ च्या संघातला विंगर. युरोपियन कप जिंकणाऱ्या त्या संघातले सगळे खेळाडू ग्लासगोच्या जेमतेम पन्नास किलोमीटरच्या परिसरात जन्मलेले होते. नंतरच्या पस्तीस वर्षांत बाहेरून मोठमोठे खेळाडू आले, पण लोकांनी घरचा मुलगाच वर ठेवला.

आपल्याकडे असा संघ कुणाचा निवडावा? मुंबईचा महिंद्रा युनायटेड हा पहिला दावेदार. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग या क्लबाने जिंकली. ब्राझीलचा बरेटो, घानाचा युसिफ याकुबू, एस. वेंकटेश, मुंबईचा स्टीव्हन डायस अशी नावं त्याच्याकडे आहेत. आज भारतीय संघाचा प्रशिक्षक असलेला खालिद जमीलही एके काळी याच क्लबाकडून खेळला. पण २०१० मध्ये कंपनीने क्लब बंद केला, त्यामुळे त्या यादीत आता नवं नाव येणार नाही. कोल्हापूरची गोष्ट वेगळी. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ आजही शाहू स्टेडियमवर झुंजतात आणि त्यांच्या सर्वोत्तम अकरांवर पेठापेठांत भांडणं होतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. तालमींचे संघ मात्र त्या-त्या पेठेतल्या माणसांनीच निवडावेत, तो त्यांचा हक्क आहे.

या लेखात निवडायचा आहे तो गोव्याच्या डेम्पो स्पोर्ट्स क्लबचा संघ. कारण साधं आहे. राष्ट्रीय लीग आणि तिच्या जागी आलेली आय-लीग मिळून डेम्पोने पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं: २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. आठ मोसमांत पाच. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या दोन बलाढ्य क्लबांची देशाच्या फुटबॉलवर सावली असताना, पंधरा लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या राज्यातल्या एका क्लबाने हे केलं. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये यापेक्षा मोठी मजल फार थोड्यांनी मारली आहे आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला तिची पुरेशी ओळख नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

आधी नियम ठरवायला हवेत, नाहीतर असा संघ म्हणजे नुसती प्रसिद्ध नावांची माळ होते. पहिला नियम: खेळाडू एकूण किती मोठा हे बघायचं नाही, डेम्पोचा शर्ट अंगात असताना त्याने काय केलं तेवढंच बघायचं. दुसरा: निवड १९९६ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या राष्ट्रीय लीगनंतरच्या काळातून करायची. डेम्पोने त्याआधीही, सत्तरच्या दशकात आणि पुन्हा १९८६ मध्ये, मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स कप जिंकला होता. त्या पिढीचा संघ ज्यांनी ते सामने डोळ्यांनी पाहिले त्यांनी निवडावा. कात्रणं वाचून त्यांच्यावर निकाल देणं बरं नव्हे. तिसरा: परदेशी खेळाडू जास्तीत जास्त तीन.

या नियमांचा पहिला फटका बसतो तो थेट सुनील छेत्रीला. भारताकडून सर्वाधिक गोल करणारा हा खेळाडू २००९-१० मध्ये डेम्पोत होता, आणि तो मोसम डेम्पोने जिंकलाही. मग त्याला घ्यायलाच हवं, असं कुणीही म्हणेल. पण मोसम संपायच्या आधीच, २०१० च्या मार्चमध्ये, तो अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी विझर्ड्सकडे गेला. डेम्पोसाठी तो चांगला खेळला, पण थोडा खेळला. देशाचा सर्वकालीन संघ निवडताना त्याचं नाव सर्वांत आधी लिहावं लागेल. या संघात त्याची जागा राखीव बाकावर आहे.

गोलरक्षक अभिजित मोंडल. क्लबाच्या सर्वांत भरभराटीच्या काळात तो गोलमध्ये उभा होता आणि २००८ मध्ये डेम्पो एएफसी कपच्या उपांत्य फेरीत पोहोचला तेही याच काळातलं. तिथवर जाणारा डेम्पो हा पहिला भारतीय क्लब. २०११-१२ च्या विजेतेपदात शुभाशिष रॉय चौधरी होता आणि तोही कमी नव्हता, पण तुलना होते तेव्हा पारडं मोंडलकडे झुकतं.

बचावफळीच्या मध्यभागी महेश गवळी आणि समीर नाईक. या जोडीवर मात्र वादाला जागा नाही.

गवळी मडगावचा, जन्म १९८०. चर्चिल ब्रदर्स, ईस्ट बंगाल, महिंद्रा युनायटेड असा प्रवास करून तो डेम्पोत आला तेव्हा पुरता तयार झालेला होता. २००३ मध्ये ईस्ट बंगालने जकार्तात आसियान क्लब चषक जिंकला, त्या संघातही तो होता. धावून, अंगावर जाऊन चेंडू काढणारे बचावपटू आपल्याकडे पुष्कळ झाले. गवळी चेंडू यायच्या आधीच तिथे उभा असायचा. त्यामुळे त्याचा खेळ टीव्हीवर फारसा नजरेत भरत नसे. प्रतिस्पर्धी फॉरवर्डला पास मिळालाच नाही, हे कॅमेरा कसं दाखवणार? निवृत्तीनंतर तो भारतीय संघाचा सहायक प्रशिक्षक झाला. खेळ वाचण्याची त्याची ताकद पाहता ते होणारच होतं.

समीर नाईकची गोष्ट उलटी. तो फिरला नाही. उमेदीची दशकाहून अधिक वर्षं त्याने एकाच क्लबाला दिली, संघाला जिथे गरज पडली तिथे खेळला आणि पुढे त्याच क्लबाचा प्रशिक्षक झाला. चांगला पैसा देणारे कोलकात्याचे क्लब समोर असताना गोव्याचे खेळाडू गोव्यातच राहिले, हे डेम्पोच्या यशाचं एक मोठं कारण आहे आणि नाईक हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. सेल्टिकच्या चाहत्यांना हा माणूस लगेच कळला असता.

बॅकच्या जागांवर उजवीकडे व्हॅलेरियानो रिबेलो आणि डावीकडे देबब्रत रॉय. दोघेही भरवशाचे. इथे निवड सोपी आहे.

मधल्या फळीचा आणि सगळ्या संघाचा कणा म्हणजे क्लायमॅक्स लॉरेन्स. कर्णधारही तोच. बचावफळीच्या पुढे उभं राहून चेंडू हिसकावायचा आणि दोन पावलांत योग्य माणसाला द्यायचा, हे काम त्याने वर्षानुवर्षं केलं. गोल हे त्याचं काम नव्हे, पण त्याच्या एका गोलाने भारतीय फुटबॉलची काही वर्षं बदलली. २००८ च्या एएफसी चॅलेंज कपमध्ये हैदराबादला अफगाणिस्तानविरुद्ध सामना बरोबरीत सुटणार असं दिसत असताना त्याने भरपाई वेळेत गोल केला. भारत १-० जिंकला. पुढे दिल्लीतल्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानला ४-१ हरवलं, छेत्रीने हॅट्‌ट्रिक केली, आणि या विजेतेपदाच्या जोरावर भारत २०११ च्या आशिया कपला पात्र ठरला. १९८४ नंतर, म्हणजे सत्तावीस वर्षांनी. लोकांना हॅट्‌ट्रिक आठवते. क्लायमॅक्सचा तो गोल नसता, तर अंतिम सामन्याची वाट फार अवघड झाली असती.

त्याच्या जोडीला पीटर कार्व्हालो, उजव्या बगलेवर अँथनी परेरा. डाव्या बगलेवर क्लिफर्ड मिरांडा. सुमारे दीड दशक डेम्पोत काढलेला आणि क्रॉस इतका नेमका टाकणारा की पुढच्या माणसाला पाय किंवा डोकं लावायचंच काय ते उरायचं. २०२३ मध्ये त्याच्या मार्गदर्शनाखाली ओडिशा एफसीने सुपर कप जिंकला. नाईक, मिरांडा, गवळी... या एका संघातून इतके प्रशिक्षक निघाले, कारण या संघात चेंडू डोक्याने खेळवला जायचा. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांनी लांब फटक्यांऐवजी जमिनीवरून, छोट्या पासने पुढे सरकण्याची सवय खेळाडूंच्या अंगात भिनवली. डेम्पोची पाचही विजेतेपदं त्यांच्याच हाताखाली आली. २०२४ साठीचा द्रोणाचार्य पुरस्कार त्यांना जीवनगौरव म्हणून मिळाला. तो दहा वर्षं आधी मिळायला हवा होता. या संघाचा प्रशिक्षक दुसरा कुणी असूच शकत नाही.

पुढे बेटो आणि रँटी मार्टिन्स. ब्राझीलचा बेटो फॉरवर्डच्या मागे, मोकळ्या जागेत. नायजेरियाचा रँटी सर्वांत पुढे. रँटी २००४ मध्ये डेम्पोत आला तेव्हा अठरा वर्षांचा पोरगा होता. २०१२ मध्ये गेला तेव्हा आकडे असे होते: २०१०-११ मध्ये ३० गोल, २०११-१२ मध्ये ३२. शेवटचे ३२ गोल २६ फेऱ्यांच्या लीगमधले. ३० मे २०११ रोजी डेम्पोने एअर इंडियाला १४-० ने हरवलं होतं, म्हणजे या संघाला गोलांची भूक किती होती त्याचा अंदाज येतो. पण नुसते गोल मोजले तर रँटी अर्धाच दिसतो. त्याचा हलता पाय आणि बेटोची नजर यांचं इतकं जुळलं होतं की अनेकदा बेटोने पास दिल्यावर कळायचं, रँटी तिथे आधीच निघालेला आहे.

परदेशी दोन झाले, तिसऱ्याची जागा उरते. आणि इथे हा संघ निवडण्यातला सर्वांत अवघड प्रश्न समोर येतो.

क्रिस्तियानो ज्युनिअर हा ब्राझीलचा फॉरवर्ड २००४ मध्ये ईस्ट बंगालमधून डेम्पोत आला. आधीच्या मोसमात ईस्ट बंगालने राष्ट्रीय लीग जिंकली होती आणि १५ गोलांसह लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचेच होते. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपचा अंतिम सामना झाला, समोर मोहन बागान. डेम्पो २-० ने जिंकला, दोन्ही गोल क्रिस्तियानोचे. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो मैदानावर कोसळला आणि पुन्हा उठला नाही. वय पंचवीस. डेम्पोने त्याचा दहा नंबरचा शर्ट कायमचा बाजूला ठेवला; नापोलीने मॅराडोनासाठी केलं तसं. पुढच्या मे महिन्यात क्लबाने पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली.

पहिला नियम त्याला लावायचा का? डेम्पोकडून तो काही महिनेच खेळला. छेत्रीला ज्या कारणाने बाकावर बसवलं तेच कारण इथेही लागू पडतं. पण छेत्री स्वतःच्या वाटेने पुढे गेला. क्रिस्तियानोकडून पुढची वर्षं हिरावली गेली. ती वर्षं मिळाली असती तर त्याने काय केलं असतं, हे धरून निवड करता येत नाही, आणि त्याने प्रत्यक्ष केलं ते दोन गोल विसरताही येत नाहीत. तेव्हा या संघाचा निर्णय असा: तिसरी परदेशी जागा रिकामी. अकरांत क्रिस्तियानो नाही, पण अकरांपैकी कुणालाही दहा नंबर नाही. बेटोने अकरा घालावा, रँटीने नऊ.

राहिले आजचे खेळाडू. २०१४-१५ मध्ये डेम्पो आय-लीगमधून खाली घसरला, पुढच्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकून वर आला, आणि मग २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या इतर दोन क्लबांसह राष्ट्रीय स्पर्धेतूनच बाहेर पडला. इंडियन सुपर लीगला (आयएसएल) पहिला मान देण्याच्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या धोरणाला त्यांचा विरोध होता. त्यानंतरची वर्षं क्लबाने गोव्याच्या लीगमध्ये आणि तरुण मुलं घडवण्यात घालवली. २०२४-२५ मध्ये तो आय-लीगमध्ये परतला, समीर नाईकच्या हाताखाली. आजच्या संघातल्या कुणाला या अकरांत आत्ताच घेता येणार नाही. सर्वांत कच्ची जागा मधल्या फळीत, पीटर कार्व्हालोची आहे. उद्या कुणी आलाच, तर पहिल्यांदा तिथे येईल. रिबेलोच्या जागेवरही एखाद्या दमदार बॅकने दावा सांगितला तर तो ऐकून घ्यायला हरकत नाही. गवळी-नाईक, क्लायमॅक्स आणि रँटी यांना हलवायचं असेल, तर त्याने आधी पाच विजेतेपदं आणावीत.