सिस्टर, जरा बसा

28 जानेवारी 2020 रोजी मालेगाव-देवळा रस्त्यावर मेशी फाट्याजवळ एसटी बस आणि रिक्षाची धडक झाली आणि दोन्ही वाहनं रस्त्याकडेच्या विहिरीत कोसळली. 26 जण गेले. परिसरातल्या सरकारी रुग्णालयांवर त्या रात्री एकदमच भार आला. त्यातून सावरायला दोन महिनेही मिळाले नाहीत, तोच कोरोना आला आणि शेजारचं मालेगाव राज्यभर चर्चेत आलं.

मोठ्या शहरात रुग्ण आणि नर्स बहुधा एकमेकांना अनोळखी असतात. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या आमच्या कसमादे पट्ट्यात तसं नसतं. जखमी आणलेला माणूस कुणाच्या मामाच्या गावचा असतो, कुणाचा वर्गमित्र असतो. ड्युटी संपवून सिस्टर बाजारात भाजी घ्यायला जाते, तिथेही तिला विचारतात, "काल आमच्या आक्काला नेमकं काय झालं हो?" म्हणून इथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना मानसिक आधार कसा द्यायचा, याचा विचार इथल्याच परिस्थितीवरून करायला हवा.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. एक असतो अचानक बसलेला धक्का: अपघात, डोळ्यांदेखत झालेला मृत्यू, वॉर्डात झालेली मारहाण. दुसरा असतो साचत गेलेला थकवा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये या थकव्याची तीन लक्षणं नोंदवली: अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल मन कोरडं किंवा कडवट होणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. त्याच वेळी तिने स्पष्ट केलं की हा आजार नव्हे, कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा हा परिणाम आहे. म्हणजे धक्क्यावर पहिल्या काही तासांत करायच्या गोष्टी वेगळ्या, थकव्यावर वर्षभर करायच्या वेगळ्या. आपल्याकडे दोन्हींवर एकच उपाय केला जातो, ताणमुक्तीचं व्याख्यान. ते ऐकायला दमलेल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी बोलावतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

धक्क्याचं उदाहरण घेऊ. समजा, रात्री दोन वाजता प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबत नाही. ऑक्सिटोसिन दिलं, 108 बोलावली, पेशंट रेफर केला आणि वाटेतच ती बाई गेली. फोन येतो. सिस्टरच्या बाहीवर अजून रक्त आहे आणि ती रजिस्टर ओढून लिहायला लागते, कारण कागद पूर्ण पाहिजेत. हात थरथरतात, वेळेचा आकडा दोनदा खोडला जातो. अशा वेळी वैद्यकीय अधिकाऱ्याने एवढंच म्हणावं: "सिस्टर, जरा बसा. रजिस्टर आपण मिळून भरू. घरी कुणाला फोन करायचाय का?"

या तीन वाक्यांत मानसिक प्रथमोपचार जवळपास सगळा येतो. त्याची रीत आहे बघा, ऐका, जोडून द्या. माणूस सुरक्षित आहे ना, त्याने पाणी प्यायलंय ना, हे बघायचं. तो बोलला तर मध्ये न तोडता ऐकायचं. मग त्याला आपल्या माणसाशी आणि पुढच्या मदतीशी जोडून द्यायचं. अशा रात्रीनंतर पहाटे तिला एकटीला दुचाकीवर घरी पाठवू नये. कुणीतरी सोडायला जावं.

काय करू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. सगळ्यांना गोल बसवून "काय झालं ते पहिल्यापासून सांगा" असं म्हणण्याची पद्धत बरीच रूढ होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की नुकत्याच घडलेल्या आघातानंतर असं करू नये. ज्याला बोलायचं नाही, त्याला बोलतं करू नका. दुसरी गोष्ट झोपेच्या गोळीची. औषधं हाताशी असल्यामुळे डॉक्टर-नर्स एखादी गोळी स्वतःच घेऊन टाकतात. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्रास कमी व्हावा म्हणून डायझेपामच्या गटातली औषधं देऊ नयेत, असं संघटनेच्या 2013 च्या सूचना सांगतात.

दुसऱ्या दिवशी चौकशी येते. माता मृत्यू अन्वेषणाचा उद्देश दोषी ठरवणं हा नाही, उणीव शोधणं हा आहे, हे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येच लिहिलेलं आहे. पण बैठकीत पहिलाच प्रश्न "ड्युटीवर कोण होतं?" असा आला, तर पुढचं सगळं उत्तर बचावाचं होतं. "रक्त कुठे उपलब्ध होतं? गाडीला किती वेळ लागला?" असं विचारलं तर माहितीही खरी मिळते आणि त्या सिस्टरची पुढची रात्रपाळीही सुसह्य होते.

या सगळ्यात आशाताईला मात्र कुणी विचारत नाही. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा असते. त्या मातेची नोंद तिनेच केलेली असते, "दवाखान्यातच चला" म्हणून घरच्यांना तिनेच राजी केलेलं असतं. आता रोज त्याच दारावरून तिला पुढच्या घरी जायचं असतं. पगारी कर्मचारी नसल्यामुळे रुग्णालयाच्या आधाराच्या कक्षेत ती येतच नाही. यावर सोपी सोय आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आशांची मासिक बैठक होतेच. तिचा शेवटचा अर्धा तास उद्दिष्टं आणि अहवाल बाजूला ठेवून राखून ठेवावा. गटप्रवर्तकाने नुसतं विचारावं, "या महिन्यात कुणाला जड गेलं?"

साचणाऱ्या थकव्याचं मूळ बहुतेक वेळा ड्युटीच्या तक्त्यात असतं. रात्रपाळीनंतरची सुट्टी खरोखर मिळते का, तक्ता आदल्या रात्री बदलतो का, रजेवर गेल्यास जागी कोण येणार हे ठरलेलं आहे का, एवढं तपासलं तरी पुष्कळ कळतं. रिक्त पदं भरणं हीसुद्धा मानसिक आरोग्याचीच तरतूद आहे, असं माझं ठाम मत आहे. हल्ल्यांच्या बाबतीत महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे. डॉक्टर-नर्सवरचा हल्ला हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. तक्रार मात्र संस्थेने पुढे होऊन नोंदवावी. मार खाल्लेल्या सिस्टरने एकटीने पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढू नयेत.

झोप न लागणं, त्याच प्रसंगाची दृश्यं परत परत येणं, ड्युटीवर जायच्या विचारानेच छाती धडधडणं, हे दोन आठवड्यांहून अधिक टिकलं तर तज्ज्ञाची मदत घ्यावी. जगणं नकोसं वाटू लागलं तर एक दिवसही थांबू नये. देवळ्यासारख्या गावात अडचण अशी की मानसोपचाराच्या ओपीडीत कोण बसलंय ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली टेली-मानस सेवा इथे उपयोगी पडते. 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो किंवा प्रत्यक्ष उपचार कुठे मिळतील ते सांगतो. उपचारांची माहिती गुप्त राहणं हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे.

नैराश्यावरची औषधं सुरू झाली तर गुण दिसायला काही आठवडे लागतात. तेवढ्या काळात रात्रपाळी टाळलेली बरी, कारण मोडलेली झोप उपचाराला मागे खेचते. अधिकाऱ्याने ती बदलून द्यावी. तक्त्यावर कारण लिहायची गरज नाही, बदललेली ड्युटी लिहिली की पुरे.