प्रॉक्सी कॅमेऱ्यातच घ्यावी की बाहेरच्या रेकॉर्डरवर?

लग्नसराई आली की व्हिडिओ शूटिंगच्या धंद्यातील आपल्या बांधवांची धावपळ सुरू होते. पूर्वी कॅसेट भरली की निम्मे काम उरकलेले असे. आता चित्रण ४केमध्ये होते आणि खरी मेहनत त्यानंतर सुरू होते. दोन कॅमेऱ्यांचे निकाह-वलिम्याचे चित्रण साध्या संगणकावर घेतले की चित्र अडखळत चालते आणि एकेक कट मारताना वाट पाहावी लागते. यावर प्रॉक्सी हा उपाय आहे, हे बहुतेकांना ठाऊक झाले आहे. मात्र ती कॅमेऱ्यातच तयार करावी की त्यासाठी बाहेरचा रेकॉर्डर विकत घ्यावा, याबद्दल गोंधळ आहे. यात कष्टाचे भांडवल गुंतते, म्हणून हा हिशेब आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत.

प्रथम प्रॉक्सी म्हणजे काय ते पाहू. शिंपी भारी कापडाला कात्री लावण्याआधी कागदावर बेतून पाहतो. प्रॉक्सी म्हणजे तसाच कागद होय. ती मूळ चित्रणाची हलकी, कमी दर्जाची नक्कल असते. एडिटिंग या नकलेवर करायचे आणि शेवटी फिल्म काढताना मूळ चित्रण जोडून घ्यायचे. ग्राहकाच्या हाती मूळ दर्जाच जातो.

आता वजनाचा हिशेब पाहा. सहा तासांचा समारंभ आणि दोन कॅमेरे म्हणजे बारा तासांचे चित्रण होते. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने ४के चित्रण केल्यास तासाला ४५ जीबी, म्हणजे एकूण ५४० जीबी जागा लागते. सोनीच्या ए सेव्हन थ्रीसारख्या, २०१८ साली आलेल्या कॅमेऱ्यात ७२० रेषांची प्रॉक्सी सेकंदाला सुमारे ९ मेगाबिटने तयार होते. बारा तासांची प्रॉक्सी ५० जीबीच्या आतच बसते. मालेगावात शूटिंग करून पुण्याच्या एडिटरकडे काम पाठवायचे असेल, तर ५४० जीबीऐवजी ५० जीबी पाठवणे किती सोपे, हे सांगायला नको.

कॅमेऱ्यातील प्रॉक्सीचा सर्वांत मोठा फायदा नावांचा आहे. सोनीच्या कॅमेऱ्यात मूळ फाइल सी०००१ असेल तर प्रॉक्सीचे नाव सी०००१एस०३ असे येते आणि ती कार्डावरील ‘सब’ नावाच्या फोल्डरमध्ये जाते. दोन्हींचा आरंभ, शेवट आणि टाइमकोड एकच असल्यामुळे एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये त्या बिनचूक जुळतात. वेगळे यंत्र, वायर, बॅटरी यांपैकी काहीही लागत नाही. निकॉनच्या झेड नाइनमध्ये २०२२ साली एन-रॉ चित्रणाची सोय आली, तेव्हा सोबत १०८० रेषांची प्रॉक्सीही आपोआप मिळू लागली. कॅननच्या आर फाइव्ह सीमध्ये मूळ रॉ चित्रण एका कार्डावर आणि प्रॉक्सी दुसऱ्या कार्डावर घेता येते.

याला मर्यादाही आहेत. काही कॅमेऱ्यांत १०० किंवा १२० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये प्रॉक्सी होत नाही. सोनीच्या अशा कॅमेऱ्यात मूळ क्लिप पुसली की तिची प्रॉक्सीही पुसली जाते. शिवाय प्रॉक्सी मूळ चित्रणाच्याच कार्डावर असेल तर कार्ड बिघडल्यावर दोन्ही एकदमच हातचे जातात.

आता बाहेरच्या रेकॉर्डरकडे वळू. अ‍ॅटोमॉसचा निन्जा व्ही किंवा ब्लॅकमॅजिकचा व्हिडिओ असिस्ट ही यंत्रे कॅमेऱ्याच्या एचडीएमआय वायरीतून चित्र घेऊन ते प्रोरेससारख्या स्वरूपात साठवतात. प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवली जात असल्याने जुना संगणकही ती सहज चालवतो. मोठा पडदा मिळतो, त्यामुळे फोकस आणि उजेड नीट तपासता येतो. ज्या जुन्या कॅमेऱ्यांचे आतील चित्रण अर्ध्या तासाच्या आसपास आपोआप थांबते, त्यांतील बऱ्याच कॅमेऱ्यांचे चित्रण रेकॉर्डरवर पुढे चालू राहते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चित्रण दुसऱ्या डिस्कवर, अगदी वेगळे होते.

पण प्रोरेस जागा किती घेते तेही पाहावे. एचडीमधील प्रोरेस प्रॉक्सी २५ फ्रेमला सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट घेते, म्हणजे बारा तासांना सुमारे २०५ जीबी. मोहात पडून ४केमध्ये प्रोरेस एचक्यू लावले तर तासाला ३३० जीबी आणि बारा तासांना सुमारे चार टीबी लागतात! प्रॉक्सीसाठी घेतलेले यंत्र असे वापरले तर वजन कमी होण्याऐवजी वाढते.

दुसरी अडचण जुळणीची आहे. रेकॉर्डर स्वतःची नावे देतो. कॅमेऱ्यातून टाइमकोड आणि चालू-बंदची खूण वायरीतून पाठवण्याची सोय सुरू केलेली नसेल, तर दीडशे क्लिप एकेक करून हाताने जुळवत बसावे लागते. ही सोय सुरू असली तरी आरंभ-शेवटात काही फ्रेमचा फरक पडू शकतो. शिवाय लहान एचडीएमआय वायर गर्दीत धक्का लागून निसटते, रेकॉर्डरची बॅटरी वेगळी सांभाळावी लागते आणि गिम्बलवर त्याचे वजन जाणवते.

मग घ्यावे काय? आमच्या मते खरा प्रश्न आपल्याला प्रॉक्सी हवी की दुसरी प्रत हवी, हा आहे. या दोन गरजा वेगळ्या आहेत आणि त्या एकच समजल्यामुळे पैसा वाया जातो. फक्त एडिटिंग हलके करायचे असेल तर कॅमेऱ्यातील प्रॉक्सी पुरेशी आहे. तिच्यासाठी रेकॉर्डर घेण्याचे कारण नाही. कॅमेऱ्यात ती सोय नसेल तर संगणकावरही प्रॉक्सी करता येते. अ‍ॅडोबी प्रीमियरमध्ये २०१६ पासून ही सोय आहे आणि दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही आहे. रात्री संगणक चालू ठेवला की सकाळी काम तयार होते.

दुसरी प्रत हवी असेल तर गोष्ट निराळी. ईजाब-कबूल एकदाच होतो, वधूची रवानगी पुन्हा होत नाही. ग्राहकाने सोपवलेली ही अमानत आहे. ९ मेगाबिटची प्रॉक्सी ही सुरक्षित प्रत नव्हे. कॅमेऱ्याला दोन कार्डांची जागा असेल तर दोन्हींवर एकाच वेळी मूळ चित्रण घ्यावे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. कॅमेऱ्याला एकच कार्ड बसत असेल, किंवा लांबलचक तकरीर, जलसा, शाळेचे स्नेहसंमेलन अशी कामे नियमित मिळत असतील, तर रेकॉर्डरचा खर्च वसूल होतो. वर्षातून दोन-चार मोठी कामे असतील तर रेकॉर्डर भाड्याने आणावा.

कोणताही मार्ग घ्या, तीन गोष्टी पाळाव्यात. एक, नवी पद्धत थेट लग्नात वापरू नये. घरी दहा मिनिटांचे चित्रण करून एडिटिंगपासून शेवटच्या फिल्मपर्यंत सर्व करून पाहावे. दोन, मूळ फाइलींची नावे कधीही बदलू नयेत, नाहीतर जुळणी तुटते. तीन, फिल्म काढण्यापूर्वी मूळ चित्रण जोडले गेले आहे की नाही ते तपासावे. घाईत प्रॉक्सीवरूनच फिल्म निघाली तर मोठ्या टीव्हीवर चेहरे पुसट दिसतात आणि ग्राहकासमोर मान खाली घालावी लागते.

मूळ चित्रण दोन ठिकाणी उतरवून झाल्याशिवाय कार्ड पुसू नये, हा नियम तर दुकानाच्या भिंतीवरच लिहून ठेवावा. नवे यंत्र पुढच्या हंगामातही घेता येईल. आज गमावलेला निकाहचा क्षण मात्र कितीही पैसे मोजून परत आणता येत नाही.